बुधवारची किल्ली

खिळा पुन्हा रिकामा होता.

अफ्रा शार्नागल कमरेवर हात ठेवून त्या खिळ्याकडे बघत राहिली. मागच्या बोळात, अंगणाच्या दाराला लागून, तिच्या सासऱ्यांनी तो ठोकलेला. तळघराची किल्ली टांगायची जागा तीच, दुसरी नाही. काल संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं किल्ली तिथं लावली होती. आज बुधवार, पहाटेचे पाच वाजलेत आणि किल्ली गायब. उद्या सकाळी ती मुकाट्यानं खिळ्यावर परत आलेली असेल, हेही तिला ठाऊक होतं.

"ये, ये," ती खिळ्यालाच म्हणाली. "आज मी कुठं जात नाही. बघतेच तुला."

तिच्या नवऱ्याला, रायनहोल्डला, जाऊन दोन हिवाळे झाले होते. पहिलं वर्षभर किल्ली दिसेनाशी झाली की अफ्रा स्वतःलाच बोल लावायची. सदुसष्टावं लागलं, व्हायचंच असं, म्हणायची. पण ह्या ईस्टरच्या आधी एका रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. किल्ली दर वेळी बुधवारीच हरवते! आता विसरभोळेपणा काही वार बघून येत नाही. दुसऱ्याच दिवशी ती बसनं तालुक्याच्या गावी गेली, कुलपं करणाऱ्याकडून दुसरी किल्ली करून आणली आणि एप्रनच्या आतल्या खिशात टाकली. कुणाला सांगितलं नाही. कुणी आपल्या तळघरात शिरत असेल तर आपणही बुधवारीच खाली जाऊन बघायचं, असं तिनं ठरवलं.

आणि बघितलंही. दर बुधवारी, कणीक मळता मळता मध्येच उठून, ती दुसऱ्या किल्लीनं तळघर उघडायची. पिंपांची झाकणं उचलायची, फेस बाजूला करून वास घ्यायची, बोट बुडवून चाटायची, कोपरे धुंडाळायची. कुणी नसायचं. काही हललेलं नसायचं. पण त्या ईस्टरपासूनच तिची बिअर बिघडायला लागली. आता ह्याला योगायोग म्हणायचं का? अफ्रा योगायोगावर विश्वास ठेवणाऱ्यातली नव्हती.

मोस्टनरॉइटमध्ये बिअर बिघडणं म्हणजे काय, ते मोस्टनरॉइटच्याच माणसाला कळतं. गावात बारा तारे. बारा म्हणजे बाराच, तेरावा नाही. ज्या घराला हक्क आहे त्यानं गावभट्टीत आपल्या पाळीला मोड आणून भाजलेलं धान्य, म्हणजे मॉल्ट, आणि कडवट चवीचे हॉप्स उकळायचे, रस आपल्या तळघरात न्यायचा, आंबवायचा, मुरवायचा आणि तयार झाला की दारावर सहा टोकांचा तारा टांगून बैठकीची खोली चार दिवस गावाला उघडी करायची. भट्टी सगळ्यांची, लाकडं सगळ्यांची, यीस्टसुद्धा आधीच्या पाळीच्या घरून बादलीतून आणायचं. पण चव ज्याच्या त्याच्या तळघराची. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दाट काळी बिअर आणि तळ्यातला कार्प मासा, मे महिन्यात बॉक नावाची कडक बिअर आणि मीठ लावून पाणी सोडलेला पांढरा मुळा, उन्हाळ्यात फिकी, आणि ऑक्टोबरात किर्वाच्या जत्रेला तांबूस बिअर आणि भाजलेलं बदक. ह्याशिवाय शार्नागलांच्या घरी बारा महिने अफ्राचा आंबट काळा पाव. त्या पावासाठी लोक दोन गावं ओलांडून यायचे.

ह्या वर्षीची मेची बॉक आंबली. कुणी काही बोललं नाही. गावाची रीतच तशी, दुसऱ्याच्या बिअरला नावं ठेवायची नाहीत. लोक अर्धा मग तसाच ठेवून उठले, "गुरं बघायचीत" म्हणाले. गावात गुरं उरलीत ती दोनच घरांकडे! अफ्रानं रात्री दार लावून घेतलं आणि सगळी बिअर मोरीत ओतली.

तिचा पहिला संशय यीस्टवर गेला, म्हणजे ओटमार पुन्समानवर. ओटमार समोरच्या घरातला. त्याची पाळी तिच्या आधी, म्हणून यीस्ट त्याच्याकडचं. म्हणून जुलैच्या बिअरला तिनं रीत मोडली आणि पलीकडच्या गावातल्या मावसबहिणीकडून गुपचूप यीस्ट आणलं. तीही बिअर आंबली, तीही ओतली. म्हणजे यीस्ट नाही. म्हणजे तळघर. म्हणजे किल्ली.

एका वर्षात तीनदा बिअर ओतली की तारा जातो. हा नियम तिच्या आजेसासऱ्यांपेक्षाही जुना. तारा उतरवायचा आणि रांगेतल्या पुढच्या घराला द्यायचा. पुढचं घर कुणाचं? ओटमारच्या पुतण्याचं, सेवेरिनचं. त्यानं चर्चमागचं जुनं घर विकत घेतलंय आणि दोन वर्षं टाचा उंचावून वाट बघतोय. अफ्राच्या मनात पाल चुकचुकणार नाही तर काय?

आता किर्वाची बिअर खाली पिंपात तीन दिवसांपासून फसफसत होती. ही गेली की शार्नागलांचा तारा गेला. रायनहोल्ड गेला, मुलगा हाम्बुर्गला जाऊन बसला, तो सणालासुद्धा फोनच करतो. राहिलं काय तिला? तारा आणि चार दिवस भरलेली बैठकीची खोली. तो तारा उतरला तर त्या घरात भिंतींशी बोलत बसायची पाळी येणार, हे तिला चांगलं कळत होतं.

म्हणून त्या बुधवारी ती खाली गेली नाही. किल्ली कोण परत आणतो ते बघायचं, असं ठरवून तिनं फडताळाच्या खोलीत स्टूल टाकलं. दार बोटभर उघडं ठेवलं. तिथून खिळा सरळ दिसत होता. भट्टीत पाव टाकायला तेवढी उठायची आणि हात पुसत परत येऊन बसायची. एप्रनच्या खिशात दुसरी किल्ली होती, पण जागा सोडायची हिंमत नव्हती.

अकराला अंगणाचं दार वाजलं. अफ्रानं फटीला डोळा लावला. पण ती होती हेडविग, ओटमारची बहीण. लग्न न केलेली, भावाचं घर सांभाळणारी, सडपातळ आणि नीटनेटकी. हातात टॉवेल.

"अफ्रा? अगं, कुठं आहेस?"

अफ्रा फडताळातून बाहेर आली.

"अगंबाई! त्या अंधारात काय करत होतीस?"

"उंदीर आहे एक. मोठा आहे."

"मांजर पाळ की."

"मांजराच्या आवाक्यातला नाहीये तो," अफ्रा म्हणाली आणि हेडविगच्या तोंडाकडे निरखून बघितलं. हेडविगनं पापणीसुद्धा लववली नाही. भट्टीतून नुकताच काढलेला पाव तिनं टॉवेलात गुंडाळला, पैसे टेबलावर ठेवले.

"गरमच लागतो बाई तुम्हाला," अफ्रा म्हणाली. "गरम पावानं पोट दुखतं."

"चाळीस वर्षांत दुखलं नाही, आता काय दुखतंय," हेडविग हसत म्हणाली आणि गेली.

चाळीस वर्षं! हेच ते. हेच अफ्राच्या घशात अडकलेलं. बुधवार हा तिचा पावाचा दिवस आणि बुधवार हाच रायनहोल्डच्या लपवाछपवीचा दिवस. लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षापासून दर बुधवारी तो तळघराला कुलूप लावायचा आणि किल्ली खिशात घालायचा. का म्हणून विचारलं तर म्हणायचा, "बिअरला झोपू दे." अकरानंतर टोपी डोक्यावर चढवून समोर पुन्समानांकडे जायचा, तासाभरानं यायचा आणि चेहऱ्यावर कसलंसं समाधान. ओटमार दिवसा खाणीवर कामाला असायचा. घरात एकटी हेडविग. आता तुम्हीच सांगा, कुठल्या बाईनं काय समजायचं?

अफ्रानं भांडण काढलं नाही. तिचा स्वभाव तो नव्हे. ती मनात ठेवायची आणि वसूल करायची. बुधवारी दुपारच्या जेवणात तिनं रायनहोल्डला कधी ताजा पाव वाढला नाही. घरभर वास सुटलेला असायचा, दहा-बारा पाव फळीवर निवत असायचे आणि त्याच्या ताटात मागच्या आठवड्याचा वाळका तुकडा. "गरम पावानं पोट दुखतं," ती सांगायची. तो मान डोलवायचा, तुकडा सूपमध्ये बुडवायचा आणि खायचा. एका शब्दानं कधी बोलला नाही. त्याच्या न बोलण्यानंच तिची खात्री झाली होती. ज्याचं मन स्वच्छ असतं तो माणूस ताज्या पावासाठी भांडला असता.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खिळ्याकडे कुणी फिरकलं नाही. गुरुवारी सकाळी ती कोंबड्यांना दाणे टाकून आत आली तर किल्ली खिळ्यावर. अफ्राला असा संताप आला की तिनं हातातली पाटी जमिनीवर आपटली.

मग तिनं डोकं चालवलं. बुधवारी पहाटे पाचला किल्ली नसते, म्हणजे ती मंगळवारीच जाते. मंगळवारी संध्याकाळी काय असतं? चर्चमधल्या गाण्याचा सराव. सात ते आठ. सगळ्या गावाला माहीत आहे की त्या तासाला अफ्रा घरी नसते. अंगणाचं दार तर गावात कुणीच लावत नाही.

पुढच्या मंगळवारी सात वाजायला आले तशी ती गाण्याची वही काखेत मारून पुढच्या दारानं निघाली. ओटमार समोर बाकावर बसून पाइप ओढत होता. तिनं मुद्दाम मोठ्यानं हाक दिली, "निघाले रे सरावाला! आज उशीर होईल!"

"गा गा, जोरात गा," ओटमार म्हणाला. "पाद्रीबाबाला झोप लागते, त्याला उठव."

कोपरा वळून ती बागांच्या मागून चिखल तुडवत परत आली. अंगणातून आत शिरली, फडताळात बसली. अजून बाहेर उजेड होता. पाच मिनिटं झाली असतील नसतील, दाराची कडी हलली. जड पावलं, दम्याचा घरघरता श्वास. एक मोठा हात खिळ्याकडे गेला.

"चोर!"

ओटमार इतका दचकला की किल्ली त्याच्या हातातून पडली. सत्तरीचा, धिप्पाड, आयुष्यभर दगड फोडलेला माणूस, भिंतीला टेकून छाती धरून उभा राहिला.

"अफ्रा, देवाशपथ, मारशील मला."

"मारीनच! तारा ढापायला निघालास ना? पुतण्याला द्यायचाय ना? दोनदा बिअर घालवलीस माझी, आता तिसरी घालवून गावासमोर मला उघडं पाडणार! तोंडावर गोड बोलायचं, बाकावर बसून पाइप ओढायचा, आणि—"

"हळू बोल. हेडविग ऐकेल."

"ऐकू दे! तिलाही माहीत असणार! काय घालतोस माझ्या पिंपात? व्हिनेगर?"

"मी तुझ्या तळघरात पाऊलसुद्धा टाकलेलं नाही," ओटमार म्हणाला. "मी फक्त किल्ली नेतो. गुरुवारी आणून लावतो."

"का? खेळायला?"

त्यानं खाली वाकून किल्ली उचलली, पँटला पुसली आणि खिळ्यावर परत लावली. मग लाकडाच्या पेटीवर बसला. त्याला बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं.

"रायनहोल्डनं सांगितलं होतं," तो शेवटी म्हणाला. "इस्पितळात. शेवटच्या आठवड्यात. म्हणाला, ओटमार, बुधवारी किल्ली लपव, काही कर, पण अफ्राला तळघरात जाऊ देऊ नको."

"माझ्याच घरातल्या तळघरात?"

"तुझे हात, अफ्रा."

"काय झालंय माझ्या हातांना?"

"काही नाही गं. बुधवारी त्यांना आंबवण लागलेलं असतं. पावाचं, तुझ्या आईनं दिलेलं ते, मातीच्या भांड्यातलं. नखांत, एप्रनवर, केसांत, सगळीकडे. ते पिंपात गेलं की बिअर आंबते. तुमच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी आंबली होती, आठवतं?"

अफ्राला आठवत होतं. पिंपाला चीर गेली होती. रायनहोल्डनं आईसमोर कबूल केलं होतं की त्याच्या हातून पिंप आपटलं, आणि सासूबाईंनी त्याला महिनाभर शिव्या घातल्या होत्या.

"पिंपाला चीरबीर काही नव्हती," ओटमार म्हणाला. "तुझ्या सासूला संशय आला होता. म्हणाली होती, ह्या घरात एक तर तिचं आंबवण राहील नाही तर आपला तारा. तेव्हा ह्यानं दोष अंगावर घेतला. आणि पुढच्या बुधवारपासून कुलूप."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला?" ओटमारनं तिच्याकडे बघितलं. "तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी ते भांडं नाल्यात ओतलं असतंस. ओतलं असतंस की नाही? खरं सांग."

अफ्रानं ओतलं असतंच. भांड्यासकट. आणि पुन्हा आयुष्यात कणकेला हात लावला नसता.

पण ती अशी सहजासहजी हार जाणारी नव्हती. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं, तो काही उठून नाही म्हणायला येत नाही.

"छान रचलंस," ती म्हणाली. "आणि दर बुधवारी टोपी घालून तुमच्याकडे यायचा तो कशाला? तू खाणीवर, घरी हेडविग. तेही बिअरसाठीच का?"

ओटमार आधी तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं, हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"हेडविगसाठी? अगं बये, तो पाव खायला यायचा! तुझा पाव! हेडविग अकराला घेऊन यायची, तो पाठोपाठ हजर. कडेचा तुकडा त्याचा. लोणी, मीठ, बस्स. गरम असतानाच. हेडविग म्हणायची, अरे घरी का खात नाहीस, तर म्हणायचा, घरी बुधवारी मिळत नाही."

ओटमार उठला, अंगणाच्या दारापर्यंत गेला आणि थांबला.

"किल्ली नेऊ का ठेवू?"

"ने," ती म्हणाली. "पण मी तुझ्यावर विश्वास ठेवलाय असं समजू नकोस."

आणि खरंच तिनं ठेवला नाही. रात्रभर ती हिशेब लावत बसली. दुसरी किल्ली केली एप्रिलमध्ये, मेची बिअर आंबली. पहिलं वर्षभर दुसरी किल्ली नव्हती, तेव्हा एकही आंबली नाही. जुळत होतं. पण भुरट्याची गोष्टही जुळवलेलीच असते! ओटमारला वेळ होता, पुतण्या होता, आणि रायनहोल्ड त्याचा लहानपणापासूनचा मित्र, काय काय माहीत असणार त्याला. पारखून घ्यायचा एकच मार्ग होता. ही बिअर. मागच्या बुधवारी ती फडताळात अडकून पडली होती, पिंपाजवळ गेली नव्हती. उद्याही जायचं नाही. मग बिअर चांगली निघाली तर ओटमार खरा. आंबली तर चोर.

बुधवारी हेडविग टॉवेल घेऊन आली तेव्हा अफ्रानं तिला विचारलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण विचारायचं तर हेडविगवर एवढी वर्षं काय संशय घेतला तेही सांगावं लागलं असतं. तिनं पाव दिला, पैसे घेतले. हेडविग दारात गेल्यावर एवढंच म्हणाली, "कडा जरा करपल्यात आज."

"चालतील," हेडविग म्हणाली. "आता कडेचं कुणी खात नाही आमच्याकडे."

सप्टेंबर गेला. बिअर बंद पिंपात मुरत होती आणि अफ्राची झोप उडाली होती. गुरुवारी, शुक्रवारी ती खाली जायची, हात कोपरापर्यंत धुऊन, स्वच्छ एप्रन बांधून, आणि पिंपावर हात ठेवून नुसती उभी राहायची. चाखायची मात्र नाही. एक गोष्ट तिची तिलाच सांगायची लाज वाटत होती. कधी कधी तिच्या मनात यायचं, आंबू दे. आंबली तर ओटमार खोटा ठरेल, हेडविग तशीच ठरेल जशी ती इतकी वर्षं अफ्राच्या मनात होती, आणि बुधवारी वाढलेला वाळका तुकडा योग्यच ठरेल. मग ती स्वतःवरच चिडायची. तारा जाईल त्याचं काय? पण विचार परत यायचा.

किर्वाच्या आधीच्या बुधवारी, दुपारी, गावभट्टीचा मुखिया लोरेन्स ग्लाइसनर दोन माणसं घेऊन आला. एरवी कुणी चाखायला येत नाही. पण दोन वेळा ओतलेल्या घरी तारा टांगण्याआधी येतात, तशी पद्धत आहे. लोरेन्स पन्नाशीचा, गावातल्या शाळेत गणित शिकवायचा, आणि ह्या कामाला आल्याबद्दल आधीच ओशाळला होता.

"अफ्राबाई, नियम आहे म्हणून बरं का. आमच्या मनात काही नाही."

"तुमच्या मनात काय आहे ते मी विचारलंय का? बसा."

बुधवार होता, पाव नुकतेच भट्टीतून निघाले होते. बैठकीच्या खोलीत पावाचा वास कोंदला होता. लोरेन्सबरोबरच्या एकानं फळीकडे बघत नाकानं मोठा श्वास घेतला.

"एक कापा की, अफ्राबाई. गरम आहे तोवर."

"बुधवारी ह्या घरात गरम पाव मिळत नाही," अफ्रा सवयीनं म्हणाली.

किल्ली घेऊन ओटमार आला. अफ्रानंच त्याला बोलावलं होतं. तिच्या हातांना पीठ लागलेलं, तिनं खाली जायचं नव्हतं. तो तळघरात उतरला आणि दगडी सुरई भरून वर आला. सुरई टेबलावर ठेवून मागे भिंतीशी जाऊन उभा राहिला. तिघांनी आपापले मग भरून घेतले. अफ्रानंही रायनहोल्डचा जुना मग काढला आणि त्यात ओतून घेतली. तांबूस, फेस जाड, वास ओल्या धान्याचा.

लोरेन्सनं घोट घेतला. तोंडात घोळवला. अफ्रा त्याच्याकडे बघत नव्हती. तिनं डोळे मिटून प्यायला सुरुवात केली होती.

आंबट नव्हती.

जराही नव्हती. आधी गोडसर, मग हॉप्सचा कडूपणा, आणि मागे तो भाजल्या मॉल्टचा खमंगपणा, जो फक्त शार्नागलांच्या तळघरातून येतो. रायनहोल्ड असतानाची चव. तीच.

लोरेन्सनं मग रिकामा केला आणि काही न बोलता पुन्हा भरला. ह्या गावात ह्यापेक्षा मोठी पावती नसते. दुसरा माणूस शिडी आणायला उठला.

"तारा टांगतो, अफ्राबाई," लोरेन्स म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्याचा भाव होता. "शुक्रवारी मी पहिला येणार, बदकाची तंगडी राखून ठेवा."

बाहेर शिडी भिंतीला लागल्याचा आवाज आला. अफ्राचा तारा वर चढत होता. सहा महिने जिच्यासाठी तिनं जिवाचं रान केलं ती गोष्ट झाली होती आणि तिला रडू आवरेना. हातातला मग टेबलावर ठेवून ती खुर्चीत बसली आणि एप्रन तोंडावर धरून हमसून हमसून रडायला लागली.

"आनंदानं होतं असं," लोरेन्स समजुतीच्या सुरात म्हणाला. "साहजिक आहे."

ओटमारनं मात्र मान खाली घातली.

"अडतीस वर्षं," अफ्रा एप्रनमधून म्हणाली. "ओटमार, अडतीस वर्षं मी त्याला वाळका तुकडा वाढला. समोर दहा पाव निवत असायचे. आणि तो मूर्ख खायचा! सूपमध्ये बुडवून खायचा! एकदा तरी तोंड उघडायचं!"

"तूही कुठं विचारलंस," ओटमार हळूच म्हणाला.

लोरेन्सला काहीच कळेना. तो कधी ह्याच्याकडे, कधी तिच्याकडे बघत राहिला.

अफ्रा उठली. फळीवरचा सर्वांत मोठा पाव तिनं उचलला, बोटं भाजली तरी सोडला नाही. छातीशी धरून सुरीनं कडा कापली. वाफ निघाली. तिच्यावर लोणी लावलं, ते लगेच वितळलं, वर मीठ भुरभुरलं. मग पुढचे काप पाडत गेली, जाड, वेडेवाकडे, अख्खा पाव संपेपर्यंत.

"खा," ती म्हणाली. "ओटमार, हेडविगला हाक मार. खा सगळे. अरे, गरम आहे तोवर खा ना!"

सगळ्यांनी एकेक काप उचलला. कडेचा तुकडा अफ्राच्या हातातच राहिला. तिनं तो तोंडाजवळ नेला, पण न खाताच रायनहोल्डच्या मगाशेजारी ठेवून दिला.